कानाने नव्हे, डोळ्यांनी

मंडळी, पिठाच्या गिरणीत आपण सारेच जातो. गिरणी घरघरू लागली, की तिथे कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. मग आपण काय करतो? बोटावर अंगठा चोळून गिरणीवाल्याला खूण करतो, पीठ बारीक पाहिजे. तो मान हलवतो. काम होते. तेवढ्या वेळेपुरते गिरणीतले सगळेच बहिरे म्हणा ना!

आज आम्ही असाच गोंगाटाचा एक खेळ सांगणार आहोत. त्याचे नाव कार्टिंग. कार्ट म्हणजे लहानशी, उघडी, चार चाकांची गाडी. तिला छप्पर नाही, दार नाही. बैठक जमिनीला जवळजवळ टेकलेली. उजव्या पायाने वेग वाढवायचा, डाव्या पायाने ब्रेक दाबायचा. पहिली कार्ट १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात तयार झाली. आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिराने ती केली. तिला इंजिन कसले बसवले, ठाऊक आहे? गवत कापायच्या यंत्राचे! आज या गाड्यांच्या शर्यती देशोदेशी होतात. कुस्तीचे आपले कोल्हापूर, तिथेही असा ट्रॅक आहे.

या खेळात ऐकू न येणारी माणसेही उतरतात. त्यांची शर्यत वेगळी नाही. त्याच ट्रॅकवर, सगळ्यांच्या बरोबरीने. कोणी म्हणेल, "अहो, मागून गाडी आली तर त्याला कळणार कसे?" आम्ही उलट विचारतो, इतरांना तरी कसे कळते? इंजिन चालकाच्या कुशीशी गर्जत असते. डोक्यावर हेल्मेट घट्ट बसलेले. पुष्कळ जण कानात बोळेही घालतात. चांगल्या कानाच्या माणसालाही तिथे हाक ऐकू येत नाही.

म्हणून शर्यतीचा सारा कारभार पहिल्यापासून डोळ्यांवर चालत आला आहे. वळणावर माणूस झेंडा घेऊन उभा असतो. पिवळा झेंडा हलला, की पुढे धोका आहे, हळू चला, कोणाला ओलांडू नका. निळा दिसला, की मागून जोरात गाडी येत आहे, तिला वाट द्या. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. काळा दाखवला, तर त्या चालकाने मुकाट्याने बाहेर यायचे. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे शर्यत संपली. यात कानाचे काम कुठे आले?

उलट ऐकू न येणाऱ्याची नजर लहानपणापासून तयार झालेली असते. इंजिनाची थरथर त्याला पाठीत कळते, हातांत कळते. अमेरिकेत अ‍ॅशली फिओलेक नावाची एक मुलगी आहे. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. ती मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती खेळली. इंजिनाचा आवाज तर ऐकू येत नाही, मग गिअर बदलायचा केव्हा? ते ती गाडीच्या थरथरीवरून ओळखी. २००८ ते २०१२ या काळात ती चार वेळा तिथली बायकांची राष्ट्रीय विजेती झाली.

मग अडते कुठे? अडते ते शर्यतीच्या आधी. सगळ्यांना गोळा करून कोणी तरी नियम सांगतो. भरभर बोलतो, पाठमोरा होऊन फळ्याकडे हात करतो, अन् संपले! ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्याला त्यातले निम्मे कळत नाही. हेल्मेट चढल्यावर तर कोणाचे ओठच दिसत नाहीत. म्हणून चांगल्या ठिकाणी आधी हातखुणा जाणणारा माणूस बोलावतात. फळ्यावर ट्रॅकचे चित्र काढतात. प्रत्येक झेंडा हातात घेऊन दाखवतात. खुणा ठरतात त्या सगळ्यांसाठी. ऐकू येणाऱ्यांनाही त्याच शिकाव्या लागतात. आमच्या मते ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे. एकट्याला वेगळे शिकवले, की तो वेगळाच राहतो.

कानातल्या यंत्राचेही पाहावे लागते. हेल्मेटखाली ते दबते आणि शिट्टी मारते. काहींच्या कानाच्या आत शस्त्रक्रियेने यंत्र बसवलेले असते. त्याचा बाहेरचा भाग डोक्याला लोहचुंबकाने चिकटतो, तो हेल्मेट घालताना निसटतो. तो बहुधा काढून डबीत जपून ठेवावा लागतो. आणखी एक. शरीराचा तोल सांभाळणारा अवयवही कानाच्या आतच असतो. ज्याला चक्कर येते त्याने आधी डॉक्टरला विचारावे. हे काही भिण्यासारखे नाही, पण विचारावे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला शर्यतीशी काय करायचे? बरोबर आहे. पण ऐकू न येणारा मुलगा गावोगाव असतो. त्याला जनावरे राखायला देतात, ट्रॅक्टरला मात्र हात लावू देत नाहीत. "तुला लायसन कोण देणार?" म्हणतात. तर ऐका. २०११ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सांगितले, की ऐकू न येणारा माणूस लायसनसाठी अर्ज करू शकतो, आणि परीक्षेत उतरला तर त्याला लायसन मिळाले पाहिजे. २०१६ साली केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानेही राज्यांना तसे कळवले.

तेव्हा अठरा वर्षे पुरी झाली असतील, तर अर्ज करावा. परीक्षेला जाताना हातखुणा जाणणारा घरचा माणूस बरोबर न्यावा. परीक्षकांना आधीच सांगावे, "साहेब, काय काय करून दाखवायचे ते गाडी सुरू होण्यापूर्वी खुणेने नाही तर लिहून सांगा." कारण गाडी चालू झाली, की चालकाने रस्त्याकडे पाहायचे असते, साहेबांच्या तोंडाकडे नाही.