सूर्याची वीज आणि सामुदायिक सौदा



सूर्यशक्तीवर बोलावयास एखादा इंजिनिअर सोडून युनियनचा माणूस कशाला बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर, करारनामे वाचता वाचता झाले. परंतु आजचा विषयही मुळात करारनाम्याचाच आहे, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानी येईल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ ही सरकारी संस्था. बर्कली, डेव्हिस, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून तिची दहा आवारे त्या लांबलचक राज्यात विखुरली आहेत. इमारती आणि मोटारी यांच्यामुळे हवेत जाणाऱ्या कर्बवायूचा हिशेब २०२५ पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प या विद्यापीठाने २०१३ साली जाहीर केला. तेव्हा सूर्याकडे वळणे ओघानेच आले.

सूर्याची वीज म्हटली की गच्चीवरची पॅनेले आपल्या डोळ्यांपुढे येतात. गच्ची उपयोगी आहेच. पण प्रयोगशाळा आणि इस्पितळे यांची भूक गच्चीवर भागत नाही. डेव्हिसला मोकळी जमीन होती. तेथे २०१५ साली ६२ एकरांवर १६.३ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. एवढ्या पसाऱ्यातून आवाराची किती गरज भागावी? अंदाज होता सुमारे १४ टक्क्यांचा! मग डोंगरउतारावर दाटीने वसलेल्या बर्कलीने काय करावे?

येथून आमच्या ओळखीचा प्रांत सुरू होतो. एकटा कामगार मालकापुढे उभा राहिला तर मालक सांगेल तो भाव. सारे मिळून बसले तर भाव बोलून ठरतो. विद्यापीठाने हेच केले. वेगवेगळ्या आवारांची गरज एकत्र करून, फ्रेस्नो परगण्यात उभारावयाच्या दोन केंद्रांची मिळून ८० मेगावॅट वीज पंचवीस वर्षे घेण्याचे करार त्याने २०१४ साली केले. अपेक्षित वीज वर्षाला सुमारे वीस कोटी युनिट. केंद्र उभारणाऱ्याला पक्के गिऱ्हाईक मिळाले, त्यामुळे त्याला कर्ज मिळणे सोपे झाले. विद्यापीठाला दराची निश्चिती मिळाली. अर्थात लांब मुदतीचा करार दुधारी असतो. पुढे बाजार उतरला तरी सही केलेला दर चुकत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कलमे वाचणारा माणूस हवा.

आणखी एक अडचण पाहा. विद्यापीठ एक, पण वीज पुरवणारे अनेक. लॉस एंजेलिसच्या आवाराला शहराच्या नगरसंस्थेची वीज मिळते. आणि २००१ सालच्या वीजटंचाईनंतर त्या राज्याने ग्राहकाने परस्पर दुसऱ्याकडून वीज घेण्यावर निर्बंध घातले. त्यामुळे ही सामुदायिक खरेदी थेट सर्व आवारांच्या तारांत उतरू शकली नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सूर्य भर दुपारी देतो. वसतिगृहाचे दिवे संध्याकाळी लागतात. वर्षाची बेरीज जुळली म्हणून रात्रीचा दिवा लागत नाही. तेव्हा योजनेत युनिट किती, याबरोबरच ती कोणत्या तासाला आणि साठवण कोठे, हेही लिहिले पाहिजे.

आता सर्वांत अवघड गाठ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो येथे गॅस जाळून वीज आणि उष्णता एकाच ठिकाणी निर्माण करणारी केंद्रे आहेत. दूरच्या शेतातली सूर्याची वीज विकत घेतली म्हणून तेथील गॅस विझत नाही. खोल्या उबदार ठेवण्याची सारी व्यवस्थाच बदलावी लागते. अखेर २०२३ साली विद्यापीठाने धोरण बदलले: २०१९ च्या तुलनेत निदान ९० टक्के घट, आणि मुदत २०४५. आम्ही याला नुसती माघार म्हणत नाही. दुसरीकडच्या पुण्याईवर आपले पाप वजा करण्यापेक्षा स्वतःची चूल बदलणे अधिक सचोटीचे आहे.

परंतु ती चूल आज कोणी तरी सांभाळतो आहे. बॉयलरपाशी रात्रपाळी करणाऱ्या माणसाला कोणता व्हॉल्व्ह कधी अडतो हे नकाशावाल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याला नव्या कामाचे शिक्षण कोण देणार, त्याचा पगार आणि नोकरीची वर्षे धरली जाणार की नाही, हे कलम योजनेच्या पहिल्या पानावर हवे. परिशिष्टात ढकललेला कामगार बहुधा रस्त्यावर येतो, हा आमचा अनुभव आहे.

आपल्याकडेही मुंबई विद्यापीठ फोर्ट, कलिना, ठाणे, रत्नागिरी असे पसरलेले आहे. सार्वजनिक संस्था जेव्हा सूर्याची वीज घेऊ म्हणेल, तेव्हा नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. सौदा एकत्र की एकेकट्याने? वीज कोणत्या तासाची? वाचलेला पैसा विद्यार्थ्यांच्या फीकडे वळणार का? आणि गच्चीवर चढणाऱ्या कंत्राटी मजुराच्या कमरेला पट्टा आहे का?

सूर्य कोणाकडे बिल पाठवीत नाही. बिले माणसेच पाठवितात, आणि ती कोणी भरावयाची हेही माणसेच ठरवितात. ते ठरविताना आपण हजर असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.