शिकवणीची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी इतिहासातील आणखी एका सुवर्णमहोत्सवाचे स्मरण उचित ठरेल. १८८७ साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आग्र्याचे अब्दुल करीम हे तरुण सेवक म्हणून तिच्याकडे रुजू झाले. थोड्याच दिवसांत अडुसष्ट वर्षांची राणी त्यांच्याकडून हिंदुस्थानी भाषेचे धडे घेऊ लागली. सुमारे तेरा वर्षे हा अभ्यास चालला. तिने स्वहस्ते लिहिलेल्या उर्दूच्या वह्या आजही उपलब्ध आहेत.

परंतु हे नाते धड्यापुरते राहिले नाही. मुन्शी ही पदवी, आग्र्यातील जमीन, दरबारातील मान असा अनुग्रह वाढत गेला आणि त्याबरोबर राजपरिवाराचा रोषही वाढला. त्या रोषात वर्णद्वेष होता, हे निर्विवाद आहे. तथापि मुन्शींचे सारे स्थान एका विद्यार्थिनीच्या मर्जीवर उभे होते, हेही तितकेच खरे. जानेवारी १९०१ मध्ये राणी निवर्तली. नव्या राजाच्या आज्ञेने तिची मुन्शींकडील पत्रे जाळण्यात आली आणि त्यांना मायदेशी परतावे लागले.

घरोघरच्या शिकवणीत राणी नसते आणि दरबारही नसतो. तरीही स्नेह आणि व्यवहार यांची सरमिसळ तेथेही होते. ओळखीच्या घरी शुल्क मागण्याचा संकोच वाटतो. एका तासाचे दोन तास होतात. रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर शंका येतात. शिक्षक काही बोलत नाही. मात्र मनात कुरकुर साठते आणि ती एखाद्या दिवशी निरपराध मुलावर निघते. म्हणून शुल्क, वेळ, सुट्टी आणि दूरध्वनीची वेळ या गोष्टी पहिल्याच दिवशी पालकांसमोर स्पष्ट व्हाव्यात. ज्याला शुल्क परवडत नाही त्याला सवलत अवश्य द्यावी. पण ती ठरवून द्यावी, संकोचापोटी नव्हे.

दुसरी मर्यादा श्रमाची. परीक्षा जवळ आली की निबंध लिहून देण्याचा आग्रह होतो. गुण मिळतात, पालक संतुष्ट होतात. मुलाची भाषा मात्र मुकी राहते. शिक्षकाने चूक दाखवावी, शब्द सुचवावा. वाक्य विद्यार्थ्यानेच घडवावे.

तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. गणिताच्या शिकवणीला मूल उदाहरण घेऊन येते. भाषेच्या शिकवणीला ते आपले घर घेऊन येते. ‘माझे बाबा’ या विषयावर लिहिताना एखादी मुलगी चार ओळींनंतर थांबते आणि वही मिटते. अशा वेळी शिक्षकाने शांतपणे ऐकून घ्यावे. खोदून विचारू नये आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये. कारण ते वचन पाळणे मुलीच्या हिताचे असेलच असे नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. ऐकणारा शिक्षक आधार होऊ शकतो. परंतु समुपदेशक, डॉक्टर किंवा पालक यांची जागा त्याने घेऊ नये.

याच कारणास्तव शिकवणी दार उघडे ठेवून, घरातील माणसांच्या वावरात व्हावी. अल्पवयीन विद्यार्थ्याशी खासगी संदेशांची देवाणघेवाण टाळावी. आवश्यक निरोप पालकांकडे जावा. सणाला आलेला पेढा आनंदाने घ्यावा, महागडी भेट नम्रपणे परत करावी. यात कोणावरही अविश्वास नाही. उघडे दार मुलाचे रक्षण करते आणि शिक्षकाच्या नावाचेही.

मर्यादा म्हणजे कोरडेपणा, असा गैरसमज आढळतो. नदीला काठ असतात म्हणून तिचे पाणी शेतापर्यंत पोहोचते. काठ सुटले की त्याच पाण्याचा पूर होतो. शिक्षकाच्या मायेचेही तसेच आहे. एके दिवशी विद्यार्थी शिक्षकाच्या मदतीवाचून स्वतःचे पत्र स्वतः लिहितो, स्वतःचे म्हणणे स्वतः मांडतो. त्या दिवशी शिकवणी संपते आणि सफलही होते. शिक्षकाने पहिल्या दिवसापासून त्याच दिवसाची तयारी करावी.