घरातला पैसा जातो कुठे?
कोहमारा येथील युवक-युवती मेळाव्यातील भाषण



मला दिलेला विषय आहे घरगुती बचत. या विषयावर आपल्या मोबाईलवर रोज काही ना काही येत असते. ‘पगार झाला की आधी २० टक्के बाजूला काढा’ हे त्यातले सगळ्यांचे आवडते वाक्य. ऐकायला बरे वाटते. पण ज्यांच्या घरात एक तारखेला पगार येतो त्यांनी हात वर करा पाहू. सात हात. मग मी बाकीच्यांसाठी बोलते, सात जणांनी सांभाळून घ्यावे.

कोहमारा म्हणजे चौरस्ता. मुंबई-कोलकाता महामार्ग, जुना सहा नंबर, आताचा ५३, इथून जातो आणि गोंदियाचा रस्ता त्याला इथेच मिळतो. आपली बरीच घरे या रस्त्यावर जगतात. कोणाचे पंक्चरचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणी ट्रकवर ड्रायव्हर, कोणाच्या घरी शिलाई, कोणाची चहाची टपरी. हा पैसा रोजचा, पण कधी तीनशे, कधी शून्य. आणि आजूबाजूची गावे धानाची. धानाचा पैसा वर्षातून एकदा, पाण्याची सोय असेल तर उन्हाळी धानाचा दुसऱ्यांदा. दिवाळीनंतर धान केंद्रावर जाते, मग चुकाऱ्यांची वाट पाहायची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. त्यानंतर पावसाळ्यात काय? रोवणीचा खर्च, शाळेच्या वह्या-पुस्तका, घरात ताप, आणि आवक जवळजवळ बंद. शेतकऱ्याकडे पैसा नसला की गॅरेजवाल्याचीही उधारी अडकते. म्हणजे धान न पिकवणाऱ्या घराचाही पावसाळा कोरडाच जातो.

म्हणून आपल्या भागात महिन्याचे बजेट फारसे कामाचे नाही. वर्षाचे करा. एका वहीची बारा पाने घ्या, प्रत्येकावर महिन्याचे नाव लिहा. त्या महिन्यात पैसा कुठून येतो ते डावीकडे आणि कुठे जातो ते उजवीकडे. अंदाजाने लिहिले तरी चालेल. मी दहा-बारा वर्षे महिला बचत गटांचे हिशेब लिहिते आहे. ज्या घरात असे पान तयार झाले तिथे एक गोष्ट लगेच दिसते. कर्ज बहुधा जून ते सप्टेंबरमध्ये घेतले जाते आणि डिसेंबर-जानेवारीत हातात पैसा असतो तेव्हा तो लग्नात, गाडीत, मोबाईलमध्ये जातो. सहा महिन्यांनी लागणारे दहा हजार जानेवारीत बाजूला ठेवले असते तर जुलैचे कर्ज लागलेच नसते.

रमजान आणि बकरीद या वहीत वेगळ्या शाईने लिहा. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून हे खर्च दरवर्षी थोडे अलीकडे सरकतात. काही वर्षे रमजान धानाच्या पैशाजवळ येतो, काही वर्षे ऐन पावसाळ्यात येतो. ज्या वर्षी तो हात रिकामा असताना येणार आहे, ते वर्ष आधीच कळते. कॅलेंडर पाहून तयारी करता येईल अशा थोड्याच खर्चांपैकी हा एक.

आता छोट्या खर्चांकडे. पूर्व विदर्भात बोलायचे आणि खर्ऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे बरोबर नाही. मागच्या रांगेत हसू नका. एक खर्रा २० रुपयांचा धरा आणि दिवसाला तीन. महिन्याचे १,८०० रुपये, वर्षाचे जवळपास २२,०००. सरकारने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ सुरू केली, महिन्याला १,५०० रुपये. म्हणजे बहिणीच्या खात्यात सरकार जेवढे टाकते त्याहून जास्त भाऊ थुंकून टाकतो. दवाखान्याचा खर्च मी यात धरलेला नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी पुडी मिळते, ते आपण सगळे जाणतो. खर्रा तर समोर घोटून देतात. ज्याला सोडायचा आहे त्याने रोजचे ६० रुपये अम्मीकडे द्यावेत. स्वतःच्या खिशात ठेवलेले ६० रुपये संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

विजेचे थोडक्यात सांगते. आपल्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतचा दर कमी आहे आणि १०१ ते ३०० चा बराच चढा. तुम्ही वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते, म्हणून १३० वरून १०० वर येण्यात जास्त फायदा आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो रोज १५ तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिट जातात. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे १३-१४ युनिट. एका पंख्यामागे २० युनिट वाचले. तो पंखा महाग पडतो, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो सर्वात जास्त चालतो, बहुतेक आजी-आजोबांच्या खोलीतला, तो आधी बदला. गॅसचे तर घरातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. डाळ भिजवून कुकरमध्ये लावणे ही काही नवी गोष्ट नाही. मुलांनी मात्र एक करावे. आंघोळीचे पाणी गॅसवर उकळत ठेवून मोबाईल पाहत बसू नये.

प्रवासाचे एक. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. तरी गोंदियाला दवाखान्यात जायचे म्हटले की आपण गाडी ठरवतो. रुग्ण गंभीर असेल तर ठरवावीच. पण तपासणीचा नुसता रिपोर्ट आणायला कशाला? दवाखान्यावरून आठवले. घरात कोणाला बीपी, शुगर असेल तर जनऔषधी केंद्राचा भाव एकदा विचारून पाहा. तेच घटक असलेले औषध तिथे बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. हे औषध आयुष्यभर, दर महिन्याला लागणारे आहे, म्हणून तिथली बचत सर्वात मोठी. डॉक्टरांना चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. आणि ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का ते विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचे. आधी पैसे भरून मग योजना शोधणारे खूप भेटतात. तोवर उशीर झालेला असतो.

आता ज्यासाठी मी खरे तर आले, ते बोलते.

आपल्या मोहल्ल्यात ‘गट लोन’ घेतलेले घर शोधायला लांब जावे लागत नाही. आठ-दहा बायका एकत्र येतात, कंपनीचा माणूस येतो, प्रत्येकीला तीस-चाळीस हजार मिळतात, कागदपत्रे फार लागत नाहीत. मग आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या तिच्या दारात. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेतले आहे आणि नवऱ्याला तिसरे ठाऊकच नाही. या बायका उधळ्या नाहीत. त्यांना बँकेने दारात उभे केले नाही, हेही खरे आहे. मुस्लिम वस्त्यांचे काही भाग बँका ‘रेड झोन’ समजतात, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच आहे. पण कारण समजले म्हणून हप्ता कमी होत नाही. म्हणून आधी हिशेब समजून घेऊ.

समजा ४०,००० रुपये, एक वर्ष, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज ४,८००, एकूण ४४,८००, महिन्याला ३,७३३. वाटते, १२ टक्के म्हणजे ठीकच आहे. पण पहिल्या हप्त्यानंतर तुमच्याकडे ४०,००० राहिलेलेच नाहीत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण ४०,००० वर. वर्षभरात सरासरी साधारण २१-२२ हजारच तुमच्या हातात होते आणि त्यावर तुम्ही ४,८०० दिले. हा दर सुमारे २२ टक्के झाला. प्रक्रिया शुल्क आणि विमा त्यावर वेगळा.

रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या अशा कर्जासाठी काही तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. आणि वार्षिक दर स्पष्ट लिहिलेले माहितीपत्रक, कर्जदाराला कळेल त्या भाषेत, द्यावेच लागते. तुमच्यापैकी जे बारावी, पदवी झाले आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर अम्मी, खाला, भाभी यांचे कार्ड मागून घ्या आणि वाचा. रागावू नका. त्यांनी ते कर्ज तुमच्याच फीसाठी घेतलेले असू शकते.

इथे एक विसंगती बोलायला हवी. आपल्याकडे अनेक घरे व्याज नको म्हणून पैसे बँकेत ठेवत नाहीत, पेटीत ठेवतात. पेटीतला पैसा घरातल्याघरात उधार जातो आणि संपतो. मग तेच घर २२ टक्क्यांनी कर्ज घेते. व्याज घेणे टळले, देणे वाढले. कोणी काय मानावे हे सांगायला मी मौलाना नाही. पण खाते ठेवावे, त्यावर येणारे व्याज वेगळे मोजून गरजूला द्यावे, असे करणारी कितीतरी घरे आहेत. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी भिशी आहे.

भिशी सगळ्यांना माहीत आहे. बारा जणी, महिन्याला १,००० रुपये, दर महिन्याला एकीला १२,०००. कोणी कोणाला व्याज देत नाही. पहिलीला ते बिनव्याजी कर्ज, शेवटचीला ती बचत. यापेक्षा सोपे काही नाही. पण ती बुडते कशी तेही पाहा. आधी रक्कम उचललेली बाई पाचव्या महिन्यात थांबते. म्हणून सभासद ओळखीचे आणि बारापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक महिन्याची सही वहीत घ्या. आणि क्रम नुसत्या चिठ्ठीवर सोडू नका. जिच्याकडे जुलैत रोवणी आहे तिला जुलै द्या, जिच्या मुलीची फी जूनमध्ये आहे तिला जून. बोलीची भिशी, म्हणजे कमी रक्कम घ्यायला जी तयार तिला आधी, त्यात जाऊ नका. तिथे अडलेल्या बाईचाच पैसा कापला जातो. कोणी अनोळखी माणूस ‘दुप्पट’ म्हणाला तर ती भिशीच नव्हे.

भिशीपेक्षा पुढची पायरी बचत गट. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात ‘माविम’ आणि ‘उमेद’ हे काम करतात. दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, वहीत नोंद. दहा जणींनी महिन्याला १०० रुपये टाकले तर वर्षाला १२,००० जमतात. लहान रक्कम आहे, पण रात्री मुलाला दवाखान्यात न्यायला पुरते. गटातल्या कर्जाचा दर गटच ठरवतो. वही मराठीत स्वच्छ लिहिणारी एक मुलगी प्रत्येक गटाला हवी असते. ती मुलगी या हॉलमध्ये बसली आहे, मला दिसते आहे.

लग्नाचे शेवटी बोलते, कारण ते आधी बोलले की कोणी पुढचे ऐकत नाही. ४०० माणसे, ताटामागे २०० रुपये, ८०,००० फक्त जेवणाचे. दिवाण, कपाट, गाडी वेगळी. जहेजचे कपाट दुसऱ्या दिवशी अर्ध्या किमतीचे होते. हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे, पण ‘आम्ही काही मागितले नाही, त्यांनी खुशीने दिले’ हे वाक्य कायद्यापेक्षा जुने आहे. मुलांनो, ते वाक्य बंद करणे तुमच्या हातात आहे, मुलीच्या बापाच्या नाही. नवऱ्या मुलानेच गाडी नको म्हटले की गाडीचे कर्ज निघत नाही. मशिदीत निकाह, मोजक्या माणसांचा वलीमा, मेहर नगद आणि मुलीच्या स्वतःच्या खात्यात. द्यायचेच असेल तर शिलाई मशीन द्या, तिच्या कोर्सची फी भरा.

चहा तयार आहे असे मला सांगत आहेत. ज्यांनी कर्जाचे कार्ड किंवा वीजबिल सोबत आणले आहे त्यांनी या डावीकडच्या टेबलाजवळ यावे. कॅल्क्युलेटर मी आणला आहे. बायकांचे आधी पाहू, त्यांना पाचची एसटी धरायची आहे.