दूरशिक्षणातल्या शिक्षिका आणि आपली युनियन

(बेंगळुरू येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता आणि पेन्शनवर आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी मॅट्रिक शिकलेला माणूस बी.एड.वर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले असेल, येऊ द्या. प्रश्न आपल्या क्वार्टरमधला आहे. आपल्या कितीतरी साथींच्या पत्नी आणि मुली खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर शिकवतात. नोकरी सोडून दोन वर्षे कॉलेजात बसणे परवडत नाही, म्हणून दूरशिक्षणाचा फॉर्म भरतात.

यात कमीपणा काही नाही. जवळच म्हैसूरला 1963 साली प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय निघाले. उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग आणि एरवी टपालाने पाठ, असे बी.एड. तिथे त्याच दशकात सुरू झाले. आज ज्याला हायब्रिड म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. तेव्हा पाठ पोस्टमन पोहोचवत होता, म्हणजे आपलाच माणूस! पुढे 1985 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. 1996 च्या जानेवारीत कर्नाटकातल्या प्राथमिक शिक्षकांना उपग्रहावरून प्रशिक्षण दिले गेले. शिक्षक आपापल्या केंद्रात बसून तज्ज्ञांना प्रश्न विचारत होते.

मग अडते कुठे? पुस्तकात अडत नाही. आपल्या एका साथीची पत्नी लग्न होऊन इथे आली, तिचे अभ्यासकेंद्र राहिले सोलापुरात. संपर्क वर्गासाठी शुक्रवारी रात्री उद्यान एक्स्प्रेस पकडायची, रविवारी रात्री परत निघायचे. सोमवारी शाळेत पोहोचायला उशीर झाला की पगार कापला जाई. स्वाध्याय तपासून येत, त्यावर नुसते गुण. चुकले काय, ते विचारायचे कोणाला? व्याख्याने मोबाईलवर ऐकता येतात, पण चाळीस पोरांचा वर्ग कसा सांभाळायचा हे पाठ घेतल्याशिवाय आणि तो कोणीतरी मागे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षीच ती सोडणार होती. नवऱ्याच्या गँगमधल्या साथींनी त्याच्याशी विश्रांतीचे दिवस बदलून घेतले, म्हणजे मूल सांभाळायला तो घरी राहिला. वस्तीतल्या एका निवृत्त मास्तरांनी युनियन ऑफिसात बसून तिचे पाठ ऐकले, टाचणे दुरुस्त केली. आता दुसरे वर्ष चालू आहे. खर्च म्हणाल तर चहाचा.

दुसरी गोष्ट एजंटांची. ‘घरबसल्या बी.एड., हजेरी नको’ अशी पत्रके वाटली जातात. हे साफ खोटे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीत दूरशिक्षणाचे बी.एड. सरसकट सर्वांसाठी ठेवलेले नाही. प्राथमिक स्तरावर शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक, किंवा परिषदेची मान्यता असलेला अध्यापक अभ्यासक्रम वर्गात बसून पूर्ण केलेले, एवढ्यांनाच ते खुले केले. नुसत्या पदवीधर मुलीकडून पैसे घेणारा एजंट उद्या फोनसुद्धा उचलणार नाही. पैसे भरण्याआधी कागद शाखेत दाखवा.

आणि कागद खरा असला तरी लढाई संपत नाही. 2017 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पदविकेला लाखो शिक्षक बसले. इंटरनेटवर आणि टीव्हीवर पाठ, शिवाय केंद्रावर संपर्क वर्ग. पुढे वाद निघाला, पदविका अठरा महिन्यांची की दोन वर्षांची? 28 नोव्हेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही असा निकाल दिला. जे 10 ऑगस्ट 2017 रोजी नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत ती पूर्ण केली त्यांची पदविका ग्राह्य, हे स्पष्ट व्हायला डिसेंबर 2024 उजाडला. खासगी शाळेतल्या बाईंजवळ नेमणुकीचे पत्रच नसेल तर त्या तारखेला आपण नोकरीत होतो हे सिद्ध कशाने करणार? हजेरीपट, पगाराची पावती, बँकेचे पासबुक जपून ठेवायला सांगा.

माझी सूचना अशी. प्रत्येक शाखेने अशा विद्यार्थिनींची यादी करावी. संपर्क वर्गांच्या आणि परीक्षेच्या तारखा आधी लिहून घ्याव्यात आणि त्या दिवशी नवऱ्याची ड्युटी बदलून द्यावी. आपले ऑफिस रविवारी सकाळी बंदच असते, ते त्यांना उघडून द्यावे. टपालातल्या साथींची पाळी आमच्याहून वेगळी असते, त्यांनी आपली सोयीची वेळ सांगावी. यादीचा कागद आज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. नाव, अभ्यासकेंद्र आणि पुढच्या वर्गाची तारीख लिहूनच जेवायला जा.