काढलंत, तर सांगा



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, आभारी आहे. स्वागत समितीने राहण्या-जेवणाची व्यवस्था चोख ठेवली आहे आणि मावळत्या कार्यकारिणीने हिशेब वेळेवर दिले आहेत. औपचारिक भाग इथेच संपवते. पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'कार्यालयीन ईमेल : एक आढावा' असा छापला आहे. आढाव्याची टिपणं मी काढली होती, ती पर्समध्ये आहेत आणि तिथेच राहतील. मेल गेली, मेल पोचली, अटॅचमेंट मात्र नाही, या एकाच तक्रारीत माझी बहुतेक नोकरी खर्च झाली. तिच्याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते आजवर कुणी बैठकीत बोलू दिलं नाही, कारण विषय किरकोळ समजला जातो. आज मला मध्येच थांबवणारं कुणी नाही. आढावा पुढच्या अध्यक्षांनी घ्यावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या यंत्रणेने मेलमधून काही काढून टाकलं, तर काढल्याचं सांगितलं पाहिजे. ज्याला मेल पोचली त्याला, त्याच मेलमध्ये, त्याला कळेल अशा भाषेत. आज कार्यालयांची मेल सांभाळणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे हे होत नाही. आपण काढतो, गप्प बसतो, आणि पाठवणाऱ्याला विचारतो, "नक्की जोडली होती का?"

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीची गोष्ट सांगते. तिथल्या डिस्पॅचच्या मुलीने एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला कोटेशन पाठवलं. ड्रॉइंग आणि दरपत्रक एका झिपमध्ये होतं. उलट निरोप आला, अटॅचमेंट नाही. तिने पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच निरोप. मुदत उलटून गेली. मालकांनी तिला मेमो दिला. ती बिचारी प्रत्येकाला सेंट आयटम्समधली ती पिनेची खूण दाखवत फिरत होती आणि लोक म्हणत होते, नंतर जोडली असशील. मित्रहो, गेलेल्या मेलला नंतर काही जोडता येत नाही, हे सांगणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. मला बोलावलं ते मुदत उलटल्यावर. खरेदी विभागातल्या एका भल्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पोचलेली मूळ मेल ईएमएल फाइल म्हणून मला दिली. मेसेज-आयडी तोच, मजकूर तोच, झिपचा भाग गायब. आणि डीकेआयएमची सही पडताळली तर ती मेलच्या आतल्या सगळ्या भागाच्या हॅशवर नापास. आता पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने सही केली ती झिपसकट मेलवर. ती सही पलीकडे जुळत नाही, याचा अर्थ मेल इथून निघाल्यानंतर कुणीतरी तिच्या पोटात हात घातला. त्या कंपनीच्या, येणारी मेल गाळणाऱ्या गेटवेवर मॅक्रो असलेली एक्सेल फाइल आत सापडली की अख्खी झिप उडवण्याचा नियम होता. त्यांच्या ॲडमिनला मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पॉलिसी आहे." मी म्हटलं, पॉलिसी असू द्या, माझी काही हरकत नाही, पण सांगितलं का नाही? तो म्हणाला, "नोटिफिकेशन बंद आहे, आधीपासूनच."

मेमो मागे घेतला गेला. ऑर्डर दुसऱ्याला गेली होती.

'आधीपासून' म्हणजे केव्हापासून, हे इथल्या तरुणांना माहीत नसेल, म्हणून थोडा इतिहास. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' आला. प्रेमपत्राच्या नावाची, शेवटी व्हीबीएस असलेली अटॅचमेंट. लोकांनी ती उघडली आणि जगभर धुमाकूळ झाला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकला अशा फाइली अडवायला लावलं. एक्झी, व्हीबीएस तर गेल्याच, पण आपल्या हिशेबनिसांची ॲक्सेसची एमडीबी फाइलही त्याच यादीत गेली. तरी तेव्हा आउटलुक वरच्या पट्टीत सांगायचा तरी, की अमुक फाइल मी अडवली आहे. मग ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग आणि जानेवारी २००४ मध्ये मायडूम आले. हे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकायचे. आपले अँटिव्हायरस इमानेइतबारे त्या खोट्या पत्त्यावर कळवायचे, 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस होता.' ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाच्या इनबॉक्सात त्या इशाऱ्यांचा ढीग. व्हायरसपेक्षा इशारेच जास्त झाले. म्हणून सगळ्यांनी सूचना बंद केल्या. मीही केल्या, आणि ते बरोबरच होतं.

पण त्या सूचनांचे दोन प्रकार होते. एक पाठवणाऱ्याला जाणारी, एक घेणाऱ्याला मिळणारी. खोटा पत्ता पाठवणाऱ्याचा होता. घेणारा तर आपलाच माणूस, आपल्याच इमारतीत बसलेला, त्याचा पत्ता खोटा कसा असेल? घाईत आपण दोन्ही टिकमार्क काढले आणि मायडूमची लाट ओसरली तरी ते परत लावले नाहीत. वीस वर्षं झाली. नवा गेटवे घेतला की जुन्याची सेटिंग तशीच उचलून त्यात टाकतो, आणि तरुण ॲडमिनला वाटतं, हा सुरक्षेचाच नियम असणार.

आपल्या संघटनेत यावर दोन तट आहेत, मला माहीत आहे. मागच्या अधिवेशनात जेवणं थंड होईपर्यंत वाद झाला होता. एक पक्ष म्हणतो, सूचना म्हणजे नवा कचरा, लोक वाचत नाहीत. मी ज्या कार्यालयात शेवटची काही वर्षं मेल सांभाळली, तिथे काढलेल्या अटॅचमेंटच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवायला सुरुवात केली. मराठीत, चार ओळी. या मेलसोबत अमुक नावाची फाइल होती, ती अमुक कारणासाठी काढली आहे, हवी असल्यास या नंबरवर सांगा, पाठवणाऱ्याची चूक नाही. पहिल्या आठवड्यात फोन वाढले, हे खरं. महिन्याभरात लेखा विभागातली माणसं आपण होऊन समोरच्याला सांगायला लागली, "आमच्याकडे मॅक्रोवाली चालत नाही हो, साधी एक्सेल पाठवा." लोक वाचत नाहीत म्हणणाऱ्यांनी आपली सूचना एकदा स्वतः वाचावी. ती इंग्रजीत असते, त्यात नियमाचा क्रमांक असतो, आणि काय करायचं ते नसतं.

दुसरा पक्ष जास्त हुशार आहे. तो म्हणतो, सूचना दिली तर हल्लेखोराला आपला फिल्टर कळतो. अहो, घेणाऱ्याला ठेवलेली चिठ्ठी हल्लेखोर कुठून वाचणार? आणि आपण कोणतं सॉफ्टवेअर वापरतो हे त्याला ठाऊक असतं, कित्येकदा आपल्या साहेबांपेक्षा आधी. अंधारात राहते ती फाउंड्रीतली मुलगी.

नियमाचं म्हणाल तर तोही माझ्या बाजूने आहे. १९८९च्या आरएफसी ११२३ मध्ये स्पष्ट आहे की सर्व्हरने डेटा घेऊन '२५०' असं उत्तर दिलं की ती मेल पोचवण्याची जबाबदारी त्याने पत्करली. किरकोळ कारणाने ती हरवायची नाही. २००८च्या आरएफसी ५३२१ ने गुपचूप टाकून देण्याला वाट ठेवली, पण मेल लबाडीची आहे याची अगदी पक्की खात्री असेल तेवढ्यापुरतीच, आणि या वाटेचा गैरवापर झाला तर ईमेलवरचा विश्वासच जाईल, असंही तिथेच बजावलं आहे. नको असलेली मेल दारातच नाकारा, ५५० द्या, ५५२ द्या. म्हणजे पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरला कळतं आणि तो आपल्या माणसाला कळवतो. खोट्या पत्त्याचा प्रश्नच येत नाही. पण '२५०' म्हणायचं, मग आत नेऊन झिप काढून घ्यायची, आणि उरलेलं पाकीट टेबलावर ठेवायचं, याला कुठल्या आरएफसीचा आधार आहे ते मला दाखवा.

मी नोकरीला लागले ते ईडीपी, म्हणजे संगणक विभागात, आणि माझं टेबल आवक-जावक विभागाला लागून होतं. तिथले आवक लिपिक पत्राखाली 'सोबत : वरीलप्रमाणे' दिसलं की सहपत्रं मोजायचे. एखादं कमी असलं तर पत्रावर आणि बारनिशीत लाल शाईने लिहायचे, 'सहपत्र आढळले नाही', खाली सही, तारीख. पुढे तो कागद कुठल्याही टेबलावर गेला तरी कुणी डिस्पॅचवाल्याला चोर म्हणत नसे. लाखो रुपयांचा गेटवे आपण घेतो आणि त्याच्याकडून एवढंही करून घेत नाही.

आता माझ्या विरोधात बोलते, कारण समोर जाणकार बसले आहेत. प्रत्येक हरवलेली अटॅचमेंट फिल्टरने खाल्लेली नसते. आउटलुकच्या रिच टेक्स्टमधून निघालेली मेल विनमेल डॉट डॅट होऊन पोचते, फाइल त्या गाठोड्यात असते. एचटीएमएल फॉरमॅट लावला की प्रश्न मिटतो. कधी पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम पीडीएफला मजकुरातल्या चित्राच्या गटात टाकतो आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमला ती दाखवण्यासारखी वस्तूच वाटत नाही. आकाराचं तर तुम्हाला पाठ आहे. बेस६४ मध्ये तीन बाइटांचे चार होतात, वर ओळींचे तुकडे, म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत २० एमबीची फाइल मावत नाही. पण तिथे निदान निरोप येतो.

मराठी नावांबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. 'जमाखर्च' ही कागदावर चार अक्षरं. युनिकोडमध्ये सात चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, आणि मेलच्या हेडरमध्ये टक्क्यांच्या खुणा लावून ६३ अक्षरं. 'जमाखर्च मार्चअखेर अंतिम सुधारित' असं नाव दिलंत की ते ओळीत बसत नाही, तुकडे करावे लागतात. ते कसे करायचे हे १९९७च्या आरएफसी २२३१ ने ठरवून दिलं आहे. ज्या सॉफ्टवेअरला ते जमत नाही ते नाव टाकून देतं आणि फाइल 'एटीटी००००१' अशा अनोळखी नावाने उभी राहते. घेणारा घाबरून डिलीट करतो आणि कळवतो, अटॅचमेंट नव्हती. मग आपला हेल्पडेस्क मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांना उपदेश करतो, "सर, फाइलला इंग्रजीत नाव द्या." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. नियम होऊन पाव शतक उलटलं आणि सुधारायचं कुणी, तर मुख्याध्यापकांनी!

तेव्हा आधी तपासा, मग विचारा. तपासायला वेळ लागतो ही सबब मला सांगू नका. पोस्टफिक्सचा लॉग उघडा, मेसेज-आयडीने शोधा. फिल्टरमधून फिरून आलेल्या मेलला नवा क्यू-आयडी मिळतो, मेसेज-आयडी तोच राहतो. दोन्ही नोंदींत आकार लिहिलेला असतो. आत येताना चाळीस लाख बाइट आणि बाहेर पडताना नऊ हजार, तर खाल्लं कुणी हे विचारायला पाठवणाऱ्याला फोन करायची गरज उरत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार आपण १८० दिवसांचे लॉग ठेवतो. ऑडिटवाल्याला दाखवायला ठेवतो, वाचायला नाही.

वकील मंडळींसाठी एक प्रश्न सोडून ठेवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत दस्तऐवज शिरला की तो मिळाला असं धरतात. गेटवे घेणाऱ्याचाच आहे. मग त्या गेटवेवर उडालेली निविदा मिळाली की नाही? माझ्या मते मिळाली. एखाद्या पुरवठादाराने हे कोर्टात नेलं तर आपल्या साहेबांना त्या टिकमार्कची किंमत कळेल.

टिपणांतलं पहिलं पान तेवढं सांगते, कारण ते मला आवडतं. ११ मार्च १९९२ रोजी नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी माइम पद्धतीची पहिली अटॅचमेंट पाठवली. ती होती त्यांच्या गाण्याच्या चौकडीचा फोटो आणि त्याच चौकडीचं ध्वनिमुद्रण. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांना खुलं केलं. शेल अकाउंटच्या काळ्या पडद्यावर फाइल यायची ती यूयूएनकोडच्या अक्षरांची रांग होऊन. मध्ये फोनलाइन तुटली की रांग अर्धी. पण ती अर्धी रांग डोळ्यांना दिसायची हो. काय आलं नाही हे कळायचं. मॉडेमच्या त्या किंकाळीची मला आठवण येत नाही, याची येते.

कामाचं. सूचनेचा एक मराठी नमुना आपण तयार करावा, प्रत्येक गेटवेत बसेल असा, अशी माझी इच्छा आहे. मसुदा अजून झालेला नाही. कोकणीतही हवा, असं पणजीच्या सहकाऱ्यांनी सकाळीच सांगितलं. हेल्पडेस्कसाठी तपासणीचा एक कागदही करायचा आहे, तो कुणी आणि कधी, ते कार्यकारिणी बघेल. दुपारच्या सत्रात गेटवे विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येणार आहेत. त्यांनी चहा-बिस्किटं दिली तरी त्यांना विचारा, घेणाऱ्याला सूचना देण्याचा पर्याय मुळात बंद का असतो. लिहायला तयार असणाऱ्यांनी जेवणाआधी चिटणीसांकडे नावं द्यावीत.