खोपोलीच्या तळ्याची नोंद करणारा बिशप

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"आयटीवर बोल," असा आग्रह होता. पण पोटापाण्यासाठी कळंब सोडून दूर गेलेले आपण बरेच जण इथे आहोत. म्हणून परमुलखात नोकरी केलेल्या एका माणसाविषयी बोलते.

रेजिनाल्ड हेबर यांचा जन्म १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायरचा. ऑक्सफर्डला शिकून ते खेड्यात धर्मगुरू झाले. १८२३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप म्हणून इकडे आले. त्यांचे कार्यक्षेत्र म्हणजे कंपनीचा हिंदुस्थान, श्रीलंका, वर ऑस्ट्रेलियाही! १८२४ च्या जूनमध्ये ते कलकत्त्याहून नावेने निघाले आणि उत्तर हिंदुस्थान, राजस्थान, गुजरात करत १८२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईला पोचले.

पुढे पुण्याला जाताना ते आपल्याच भागातून गेले. पनवेल, चौक, खोपोली आणि बोरघाट! घाटातला गाडीरस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, म्हणजे त्यांच्या नंतर. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ त्यांनी पाहिले, रोजनिशीत लिहिले. आपण वडापाव खायला थांबतो, तेच तळे.

याच हेबर यांनी १८१९ मध्ये, इकडे येण्याआधी, एक स्तोत्र लिहिले होते. त्यात परधर्मीयांविषयी हलके उद्गार आहेत. इथे हिंडल्यावर मात्र इंग्रज लोक हिंदी माणसांशी उर्मटपणे वागतात, अशी तक्रार त्यांनी पत्रात केली. धर्मप्रसाराची इच्छा सुटली नाही, पण नजर बदलली. ऑफिसात बसून गाव कळत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही लागू आहे.

३ एप्रिल १८२६ रोजी तिरुचिरापल्लीला, सकाळचे धर्मकार्य आटोपून स्नानाला गेले असता ते वारले. वय अवघे ४२. रोजनिशी पत्नी अमेलिया यांनी १८२८ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. म्हणून आज आपल्याला ती नोंद मिळते.

मला खंत एवढीच वाटते, की चार दिवसांचा पाहुणा आपला मुलूख लिहून गेला आणि आपण इथे जन्मून लिहिला नाही. कळंबचा बाजार, भाताची लावणी, नेरळला जायची धडपड, आपल्या ठाकर-कातकरी वर्गमित्रांच्या वाड्या, हे सारे सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत. घरी गेल्यावर आई-आजोबांना विचारा आणि दोन पाने लिहून पाठवा. टाइप करून देण्याचे काम माझ्याकडे!