हौसेचा घोडा आणि गटाचं कर्ज



आज आम्ही तुमच्याशी घोड्याबद्दल बोलणार आहोत. देवबागात होडी आहे, जाळी आहेत, स्कूबा आहे, घरोघरी पर्यटकांच्या खोल्या आहेत, मग घोडा कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. तो आला कर्जाच्या अर्जातून. आमच्या गटातल्या एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाला घोडा घ्यायचा आहे, पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायचं आहे. त्यासोबत त्या मुलाने मोबाईलवर एक व्हिडिओही दाखवला. परदेशातल्या बायका हत्तीएवढ्या घोड्यांवर बसून मजेत रानातून चालल्या आहेत, घोड्यांच्या पायांना खुरांपर्यंत लांब केस. "असा एक जरी आणला तरी किनाऱ्यावर गर्दी होईल," असं त्याचं म्हणणं.

गटाचे पैसे म्हणजे कुणीतरी कोळंबी सोलून, कुणीतरी खानावळीची भांडी घासून साठवलेले पैसे. त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याआधी आम्ही घोड्याची माहिती काढायला बसलो. त्यात जे कळलं ते आज सांगतो.

व्हिडिओतले ते घोडे म्हणजे ओढकामाचे घोडे. इंग्लंडचा शायर, स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल, फ्रान्सचा पर्शेरॉन, आणि बेल्जियन. शायर खांद्यापाशीच साडेपाच-पावणेसहा फूट उंच असतो आणि वजन 900 किलोच्या आसपास, कधी टनभर. बसण्यासाठी ही जनावरं घडवलेलीच नव्हती. नांगर, मालाच्या गाड्या, दारूच्या पिंपांच्या गाड्या, कालव्यातल्या होड्या, हे सगळं ते ओढायचे. मग ट्रॅक्टर आले, ट्रक आले आणि या घोड्यांचं काम संपलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या इतकी घटली की त्यातल्या काही जाती नष्ट होण्याच्या टोकाला आल्या. सफोक पंच नावाची एक जात आजही दुर्मिळांच्या यादीत आहे. जे वाचले त्यांतले पुष्कळ हौशी लोकांमुळे वाचले. कुणी प्रदर्शनासाठी ठेवले, कुणी गाडीला जुंपायला, आणि कुणी नुसतं बसून फिरायला. या घोड्यांचा स्वभाव थंड, पाठ रुंद, चाल सावकाश. ज्या बाईला पळणाऱ्या घोड्याची भीती वाटते किंवा जिचं अंग भारी आहे, तिला असा घोडा आवडतो.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे बैलाचं तसंच झालं. पॉवर टिलर आला, जोत बंद झालं, आणि घाटावर खिलार बैल पुष्कळ ठिकाणी शर्यतीच्या हौसेवर टिकून राहिला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या, पुढे राज्याने कायद्यात बदल केला आणि 18 मे 2023 रोजी न्यायालयाने तो बदल मान्य केला. शर्यतीवरून वाद आहेत आणि ते राहतील. पण एक गोष्ट तिथेही दिसते. शर्यतीचा बैल पाळणाऱ्याच्या घरात त्याच्या खुराकाला पैसा लागतो आणि त्याच्यामागे माणूस लागतो. कामाचं जनावर स्वतःचं पोट भरतं, हौसेच्या जनावराचं पोट आपण भरायचं असतं.

आता आपले घोडे. महाराष्ट्राचा म्हणून ओळखला जाणारा घोडा भीमथडीचा. भीमा नदीच्या खोऱ्यातला, अंगाने बेताचा, कमी चाऱ्यावर तगणारा, डोंगर चढणारा. मराठ्यांच्या फौजा याच घोड्यांवर दौडल्या. तो आज टिकला आहे तो मुख्यतः धनगर समाजामुळे. पावसाळा संपला की घाटावरचे मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात. तंबू, भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं त्या पाठीवर. मेंढ्यांमागे बहुतेक पुरुष जातात आणि घोडा लादणं, सोडणं, पुढच्या मुक्कामावर नेणं हे बायका करतात. घोडा हा पुरुषांचा प्राणी असं आपण समजतो, वरातीत नवराच त्यावर बसतो, नवरी नाही. पण महाराष्ट्रात रोज घोडा हाताळणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना कुणी घोडेस्वार म्हणत नाही.

घोडा विकत घ्यायचा तर बाजारही आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, खेचरं, गाढवं विकायला येतात. तिथे देखणे मारवाडी आणि काठेवाडी घोडेही दिसतात. पण किनाऱ्यावर पर्यटक फिरवण्यासाठी साधारणपणे लोक घेतात ते तट्टू, तीनशे किलोच्या आसपासचं, कारण ते परवडतं. व्हिडिओतला शायर आणि बाजारातलं तट्टू यात तिप्पट वजनाचा फरक आहे, आणि आमची चर्चा तिथेच अडली.

घोड्यावर किती वजन टाकावं याचा जाणकारांनी धरलेला एक अंदाज आहे. बसणारा माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, आणि घोडा म्हातारा किंवा अशक्त असेल तर त्याहूनही कमी. तीनशे किलोच्या तट्टूवर झाले साठ किलो. त्यातून खोगीर आठ-दहा किलोचं. उरले पन्नास. आमच्या बैठकीत हा हिशोब वाचला तेव्हा सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसल्या. कुणी कुणाला वजन विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. देवबागला येणारा पर्यटक तर मालवणी जेवण जेवून किनाऱ्यावर उतरतो. त्यात रेती. घट्ट रस्त्यावर चालण्यापेक्षा भुसभुशीत रेतीत पाय उचलायला जनावराला जास्त जोर लागतो. आपण स्वतः दुपारी किनाऱ्यावरून माशाची टोपली घेऊन चालून बघतो, तेव्हा हे वेगळं सांगायला नको.

सरकारने 1965 साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. त्यात तट्टूच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 70 किलो आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. हे नियम साठ वर्षांचे जुने आहेत. अर्ज करणाऱ्या मुलाला ते ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते.

मग एकीने विचारलं, तट्टू लहान पडतं तर मोठाच घोडा आणला तर? त्याला वजन तरी झेपेल. यावर चाऱ्याचा हिशोब मांडला. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या शेकडा दोन तरी कोरडा चारा लागतो. तट्टूला सहा किलो, म्हणजे वर्षाला दोन टनांच्या वर. नऊशे किलोच्या घोड्याला अठरा किलो, वर्षाला साडेसहा टन. शिवाय काम करणाऱ्याला चंदी वेगळी. पाणी तट्टूला वीस-पंचवीस लिटर, मोठ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि मे महिन्यात त्याहून जास्त. आता आपलं गाव डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये रेतीची चिंचोळी पट्टी, तीही दर पावसाळ्यात समुद्र कुरतडतो. माड आहेत, सुरू आहेत, चरायचं कुरण नाही. गोड्या पाण्याची मे महिन्यात काय स्थिती असते, ते विहिरीवर जाणारीला विचारा. सगळा चारा बाहेरून विकत आणायचा. आणि तो जाड कातडीचा, पायाला केस असलेला घोडा थंड देशातला. आपल्या दमट उन्हात त्याला घामाने जगणं कठीण आणि त्या केसांत ओल राहून पाय कुजायचे. त्यामुळे मोठ्या घोड्याचा विषय तिथेच संपला.

तट्टूचा विषय मात्र चालू राहिला, आणि तो चालू ठेवला गटातल्या एका काकींनी. त्या म्हणाल्या, "घोडो झिलाचो, पण लीद कोणी काढूची?"

अर्जात घोड्याची किंमत होती, एका फेरीचे पैसे होते, दिवसाच्या फेऱ्या होत्या. घरातल्या बाईचा वेळ कुठेच नव्हता. आम्ही तो मांडला. सकाळी लीद काढणं, तट्टूची रोज दहा किलोच्या वर होते. पाणी भरणं, चारा टाकणं, तोही थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा, कारण घोड्याचं पोट गाईसारखं नसतं, एकदम भरून चालत नाही. खरारा करणं, खूर साफ करणं, रात्री पुन्हा चारा. मुलगा किनाऱ्यावर असेल तेव्हा आणि मुलगा मित्रांबरोबर मालवणला गेलेला असेल तेव्हाही. रोजचे दोन तास धरले तर वर्षाचे 730 तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर नव्वद दिवसांची मजुरी. तीन महिने एक बाई फुकट राबणार आणि कर्जाचा हप्ता पुन्हा तिच्याच नावावर. गाय-म्हैस असती तर निदान दूध तिच्या हातात आलं असतं. अर्ज करणारी ताई हे ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, हे घरात कुणी बोललंच नव्हतं.

पावसाळ्याचंही तसंच. जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, पर्यटक नाममात्र. होडी शाकारून ठेवता येते, घोडा शाकारून ठेवता येत नाही. तो खातच राहतो, आणि ओल्या जमिनीत उभा राहून त्याचे खूर बिघडतात. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटायला, नाल बसवायला नालबंद लागतो. त्याला कुठून बोलवायचं, याचं उत्तर त्या मुलाकडे नव्हतं.

आजारांत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते, आणि रेतीवर टाकलेला चारा खाल्ला तर पोटात रेती साठून हीच पोटदुखी होते. देवबागात रेतीशिवाय दुसरी जमीन कुठे आहे? चारा टोपलीत किंवा गव्हाणीतच द्यावा लागेल. दुसरी गोष्ट ग्लँडर्स. हा घोड्याचा रोग माणसालाही होतो. तपासणीत निघाला तर कायद्याप्रमाणे घोड्याला मारावं लागतं. सरकार भरपाई देतं, पण धंदा त्या दिवशी संपतो. म्हणून बाजारातून घोडा घेताना तपासणीचा दाखला बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. धनुर्वाताची लसही घोड्याला लागतेच.

आणि कायदा कधी बदलेल तेही सांगता येत नाही. मुंबईत व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या होत्या, नरिमन पॉइंटला, गेटवेला पर्यटक त्यात बसून फिरायचे. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नुसत्या मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोड्यांचे हाल होत होते, तबेले वाईट होते, हे खरंच होतं. पण त्या गाड्यांवर पोट असलेली घरंही होती. 2021 मध्ये त्याच धर्तीच्या विजेवरच्या गाड्या आल्या. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा अजून चालतो, तरी तिथेही 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा सुरू झाल्या आणि घोडेवाल्यांना पुढची काळजी लागली. जुन्या धंद्याची ही गत, तर नव्याने कर्ज काढून उतरणाऱ्याने विचार करायला हवा.

आम्ही अर्ज फेटाळला नाही. चार गोष्टी लिहून मागितल्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा चारा कुठून येणार, किनाऱ्यावर फिरवायची परवानगी कोण देणार, नालबंद आणि पशुवैद्य कुठले, आणि घरातल्या कामाची वाटणी कशी, मुलाच्या सहीने. शेवटची अट काही जणींना जास्त वाटली. आम्हाला नाही वाटली. त्याचबरोबर ताईला सुचवलं आहे की वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवायला होडीतून नेतात, एकदा जाऊन बघून ये. वल्हं तर आपल्याला जन्मापासून येतं. खाडी आपल्याकडेही आहे.

राहिली हौस. ज्या काकींनी लिदेचा प्रश्न विचारला, त्याच शेवटी म्हणाल्या, "साठ वर्सा झाली, माका अजून घोड्यार बसाक गावाक नाय." हे आम्हाला लागलं. म्हणून यंदाची गटाची सहल महाबळेश्वरला काढायची ठरली आहे, वेण्णा तलावाजवळ घोडे असतात. ज्या येणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो. बसण्याआधी खोगिराखाली पाठ बघायची, जखम असेल तर त्या घोड्यावर बसायचं नाही. लंगडतो का, बरगड्या दिसतात का, जवळ पाण्याची बादली आहे का, ते बघायचं. दुपारच्या उन्हात नको, सकाळी जायचं. साडी नेसून एका बाजूला बसू नका, तोल जातो, ड्रेस किंवा सलवार घाला. आणि आपलं वजन मोतद्दाराला लाजता खरं सांगा, तो त्याप्रमाणे दांडगा घोडा पुढे करील. तसा नसेल तर लगाम धरून तलावापर्यंत चालत गेलं तरी चालेल. काकी मात्र चाळीस किलोच्या आहेत, त्यांचा नंबर पहिला.